वाचकांचे प्रश्न : पुन्हा सगळे सांगावे लागेल का?

प्रश्न : माझे वय ४१ असून मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आमचे मूळ घर रायगड जिल्ह्यातील डोंगरउतारावरच्या एका वाडीत होते. तीन पावसाळ्यांपूर्वी मी गावी गेलेलो असताना रात्री दरड कोसळली. धाकट्या मुलीला उचलून मी बाहेर पडलो. आई आणि भाऊ आत राहिले. आईची हाक मी ऐकली होती. तेव्हापासून पाऊस पत्र्यावर वाजू लागला की छातीत धडधडते, घाम फुटतो आणि ओल्या मातीचा वास आला तर आपण अजून त्याच रात्रीत आहोत असे वाटू लागते. पावसाळ्यात घरच्यांना झोपवून मी दारापाशी खुर्ची टाकून बसून राहतो. आम्ही आता सपाट जागेवरील इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, हे मला कळते, तरीही. गावी पुन्हा गेलो नाही, आईच्या वर्षश्राद्धालाही नाही. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या चालू आहेत आणि अलीकडे रात्री थोडी दारूही घेऊ लागलो आहे. मामा म्हणतात, झाले गेले विसरून कामाला लाग. पत्नी मानसोपचारतज्ज्ञांकडे चला म्हणून मागे लागली आहे. पुढचा पावसाळा चार महिन्यांवर आला आहे. हा आजार आहे की माझा कमकुवतपणा? जायचे तर कोणाकडे जायचे? आणि तिथे त्या रात्रीचे सगळे पुन्हा सांगावे लागणार असेल, तर ते मला झेपेल असे वाटत नाही.
– एक वाचक, पनवेल

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण उरलेले दोन त्याच्यापाशीच अडून बसले आहेत. पहिल्या भेटीत तुम्हाला त्या रात्रीचा तपशील सांगावा लागणार नाही. ‘दरड कोसळली, त्यात आई आणि भाऊ गेले, पुढचे मला आज बोलता येणार नाही’ एवढे वाक्य पहिल्या दिवशी पुरेसे असते, आणि ज्याला हे काम येते तो तज्ज्ञ त्यापलीकडे त्या दिवशी तुम्हाला ओढणार नाही. सुरुवातीच्या भेटी झोप, दारू, गोळ्या, घरातील वातावरण, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, आणि धडधड सुरू झाल्यावर स्वतःला सावरायचे कसे, यांवरच जातात. त्या रात्रीकडे वळायचे ते त्यानंतर, तुमच्या संमतीने आणि तुम्हाला पेलवेल त्या गतीने.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ‘त्याविषयी बोलणे मला झेपणार नाही’ ही जी खात्री तुम्हाला वाटते, ती या त्रासाचाच एक भाग आहे. आघातोत्तर ताणविकारात, म्हणजे ज्याला पीटीएसडी म्हणतात त्यात, तीन गोष्टी प्रामुख्याने दिसतात : प्रसंग नुसता आठवत नाही तर आत्ता घडतो आहे असा अनुभवाला येतो, त्याची आठवण करून देणारी माणसे, जागा आणि विचार टाळले जातात, आणि धोका टळून गेला तरी शरीर पहाऱ्यावरच राहते. तुमच्या पत्रातील ओल्या मातीचा वास, न गाठलेले वर्षश्राद्ध आणि दारापाशची खुर्ची या तिन्ही गोष्टी मला याच क्रमाने दिसल्या. पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे आणि मी ते करत नाही. परंतु तज्ज्ञाकडे जाण्यासाठी एवढी कारणे पुरेशी आहेत. टाळल्याने त्या क्षणापुरते बरे वाटते, म्हणून माणूस पुन्हा टाळतो, आणि मग ‘पाऊस पडूनही काही झाले नाही’ हा साधा अनुभव मनाला कधी मिळतच नाही. एखाद्याचा अपघात घाटात झाला तर तो घाट सोडून दुसऱ्या रस्त्याने जाऊ शकतो. कोकणात राहून पाऊस टाळणे मात्र कोणालाच शक्य नाही, आणि म्हणूनच तुमचे वर्षातील चार महिने असे जळून जातात.

कमकुवतपणाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी जबर आघाताचा प्रसंग येतो आणि त्यांपैकी ५.६ टक्क्यांना हा विकार जडतो. तो कोणाला जडेल हे धैर्यावर ठरत नाही. प्रसंग किती भीषण होता, जवळचे कोणी गेले का, नंतर आधार किती मिळाला, अशा अनेक गोष्टी त्यात असतात. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे हाल पाहिल्यानंतर या विकाराला १९८० मध्ये अमेरिकेच्या अधिकृत निदानसूचीत स्थान मिळाले. रणांगणावर टिकलेल्या त्या माणसांना भित्रे म्हणण्याची छाती तुमच्या मामांनाही होणार नाही. आणि ही काही परदेशी भानगड नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, तेव्हा वाचलेल्यांच्या मनातही दगडमातीच्या भिंतींची अशीच धास्ती बसली. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावे आपण बातम्यांत वाचली, आकडे ऐकले आणि पुढे गेलो. वाचलेल्यांच्या रात्रींचा हिशेब मात्र फारसा कोणी ठेवला नाही.

आता उपचार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहू. नुसते मन मोकळे करणे म्हणजे उपचार नव्हे. ज्या पद्धतींचा उपयोग होतो हे वारंवार तपासले गेले आहे, त्यांत आघातावर केंद्रित असलेली वर्तन-विचार उपचारपद्धती प्रमुख आहे. तिच्या एका प्रकारात, ज्याला प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात, साधारण ८ ते १५ सत्रे होतात आणि एक सत्र सुमारे दीड तास चालते. त्यात टाळलेल्या गोष्टींची चढत्या भीतीची एक यादी दोघे मिळून करतात. तुमच्या बाबतीत ती कदाचित अशी होईल : आधी दिवसाउजेडी मोबाइलवर पावसाचा आवाज ऐकणे, मग ओल्या मातीजवळ उभे राहणे, मग पहिल्या वळवाच्या सरीत खिडकी उघडी ठेवून बसणे, मग ती खुर्ची दारापासून एक हात मागे सरकवणे, आणि बऱ्याच पुढे कधीतरी गाव. भीती ओसरेपर्यंत प्रत्येक पायरीवर थांबायचे असते. त्याचबरोबर त्या रात्रीची हकिगत सत्रात पुन्हापुन्हा सांगितली जाते आणि सांगता सांगता ती ‘आत्ता’मधून ‘तेव्हा’मध्ये जाऊ लागते. याचा अर्थ खऱ्या धोक्याकडे डोळेझाक करायची असा नव्हे. दरडप्रवण भागात इशारा मिळाला तर तिथून निघणे हे शहाणपणच आहे. सपाट जागेवरील दुसऱ्या मजल्यावर रात्रभर जागणे ही निराळी गोष्ट आहे.

आईची हाक तुम्ही ऐकली होती, हे वाक्य तुम्ही पत्रात मध्येच लिहून लगेच पुढे गेला आहात. मी तिथे थांबलो. अशा अपराधी भावनेवर काम करणारी एक वेगळी पद्धत आहे. तिला कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी म्हणतात आणि ती बहुधा १२ सत्रांची असते. ‘मी परत आत जायला हवे होते’ असा जो विचार मनात रुतून बसलेला असतो, तो तज्ज्ञ तुमच्याबरोबर एखाद्या साक्षीपुराव्यासारखा तपासतो : त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होते, हातात कोण होते, वेळ किती होता, आणि आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत होते का. ‘तुझी काही चूक नाही’ असे नातेवाईक शंभर वेळा सांगतात आणि त्याने काही होत नाही. हाच निष्कर्ष माणूस स्वतः पुरावा तपासून काढतो, तेव्हा तो टिकतो.

आणि तरीही शब्दांत सांगणे अजिबात जमणारच नसेल, तर ईएमडीआर नावाची पद्धत आहे. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ नंतर ती विकसित केली. आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेतल्या जातात आणि प्रसंगाचे तपशीलवार वर्णन करावे लागत नाही. ती कशामुळे काम करते याविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहेत; उपयोग मात्र दिसून आलेला आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये तिची शिफारस केली.

गोळ्यांबद्दल सावध राहा. झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्यांची सवय लागते, त्या या विकाराच्या मुळाशी पोहोचत नाहीत आणि दारूबरोबर त्या जिवावर बेतू शकतात. तुमच्या चिठ्ठीवर कोणते नाव आहे ते पाहा. पण गोळ्या आणि दारू यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करा. सर्ट्रालिनसारखी औषधे या विकारात उपयोगी पडतात, मात्र त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

जायचे कोणाकडे? आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, कारण गोळ्या आणि दारू यांचा प्रश्न वैद्यकीय आहे. प्रत्यक्ष थेरपी ते स्वतः देतील किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतील; अशा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. ‘आघात झालेल्या माणसांसाठी आपण कोणती पद्धत वापरता, तिचे प्रशिक्षण घेतले आहे का, साधारण किती सत्रे लागतील’ हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. उत्तरादाखल नुसते ‘सकारात्मक विचार करा’ ऐकू आले, तर दुसरा तज्ज्ञ शोधा. खर्चाची अडचण असेल तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय, मुंबईतील केईएम, सायन आणि जेजे रुग्णालयांचे मानसोपचार विभाग, ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय, यांपैकी जे सोयीचे असेल तिथे चौकशी करा. कोणाशी तरी आजच बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहे. तो विनामूल्य असून दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. ती सेवा म्हणजे पूर्ण उपचार नव्हे, पण दिशा मिळते. घरात देवाधर्माचे काही चालू असेल आणि त्याने धीर येत असेल तर ते जरूर चालू द्या. माझा आक्षेप फक्त उपचार पुढे ढकलण्याला आहे.

आठवड्याला एक सत्र धरले तर बारा ते पंधरा सत्रांना साधारण तीन ते साडेतीन महिने लागतात, आणि मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. या आठवड्यात वेळ घेतलीत तर यंदाच्या पहिल्या पावसात तुमच्याबरोबर कोणीतरी जाणकार असेल.

प्रश्न : माझी धाकटी बहीण सहा वर्षे सासरी मारहाण सोसून गेल्या वर्षी माहेरी परत आली. ती एका मानसशास्त्रज्ञांकडे जाते, परंतु चार सत्रांनंतर तिची झोप आणखी बिघडली आहे आणि तिला पुन्हा वाईट स्वप्ने पडू लागली आहेत. आई म्हणते, धरलेली खपली कशाला काढायची? उपचार बंद करावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या आईंची उपमा मला पटते, पण अर्धीच. खपलीखाली पू असेल तर ती काढावी लागते. मात्र ती कोणी, केव्हा आणि कोणत्या हातांनी काढली, याला महत्त्व आहे. टाळलेल्या आठवणींना हात घातल्यावर सुरुवातीचे काही आठवडे स्वप्ने आणि चिडचिड वाढणे हे अनेकदा होते आणि ते बहुधा ओसरते. म्हणून बहिणीने सत्र चुकवण्याऐवजी हेच सत्रात सांगावे : ‘मला त्रास वाढला आहे, गती कमी करू या.’ चांगला तज्ज्ञ हे ऐकून थांबेल, सावरण्याचे मार्ग आधी पक्के करील आणि मग पुढे जाईल. वर्षानुवर्षे चाललेल्या छळानंतरचा त्रास एका प्रसंगाच्या आघाताहून गुंतागुंतीचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या सूचीत त्याला ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असे वेगळे नाव आहे. स्वतःविषयीची घृणा, लाज आणि कोणावरही विश्वास न बसणे ही त्याची लक्षणे असल्यामुळे वेळही जास्त लागतो. चार सत्रे म्हणजे तिथे अजून उंबरठाच.

याउलट, त्या तज्ज्ञांनी पहिल्याच दिवशी सगळे वदवून घेतले असेल, ‘तूही थोडे जमवून घ्यायला हवे होते’ असे सुचवले असेल किंवा बहिणीला विचारल्याशिवाय तिच्या नवऱ्याशी संपर्क साधला असेल, तर ती जागा खुशाल सोडा आणि दुसरी शोधा. ‘नांदायला परत जा’ असा दबाव किंवा धमक्यांचे फोन अजून येत आहेत का, हेही पाहा. येत असतील तर आधी कायदेशीर संरक्षणाची तजवीज करा, कारण शरीर खऱ्या धोक्यात असताना मनाला ‘आता सगळे संपले’ असे शिकवता येत नाही. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा तिच्या तोंडी आली, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

प्रश्न : असे उपचार घेतल्याचे कार्यालयात कळते का? आणि आरोग्य विम्यातून खर्च मिळतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे, दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. रजेसाठी प्रमाणपत्र हवे असेल तर त्यात किती लिहायचे हे डॉक्टरांशी आधी बोलून ठरवा. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात आणि थेरपी तर बाह्यरुग्ण विभागात होते. त्यामुळे पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद आहे का ते पाहा, आणि प्रत्येक सत्राची पावती सही-शिक्क्यासह मागून घ्या.