शाळेत सांगायचं, पण काय?

अगं, तुला स्वतःला ऑटिझमचं निदान झालं म्हणून सोसायटीला, सासरच्या प्रत्येकाला लगेच सांगत सुटायची गरज नाही. लेकाच्या वर्गशिक्षिकेला मात्र सांग, आणि निदानाच्या नावावर थांबू नकोस, तुला काय लागतं ते सांग. "मला ऑटिझम आहे. पालकसभेच्या गोंगाटात ऐकलेलं डोक्यात राहत नाही. मुद्दे लिहून द्या किंवा नंतर पाच मिनिटं वेगळं भेटा." मी दर जूनमध्ये असं चार ओळींचं पत्र देते आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेते. तोंडी सांगितलेलं बाई बदलल्या की संपतं.

"पण तुम्ही तर अगदी नॉर्मल वाटता" हे ऐकावं लागेलच. (तेही कौतुकाच्या सुरात!) वाद घालू नकोस, मागणीवर परत ये.

कायद्याचं थोडं वाचून ठेव. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) त्यात येतात. एडीएचडी (लक्ष टिकवणं, चंचलता आवरणं अवघड जातं ती स्थिती) त्या यादीत वेगळा नाही, म्हणून नुसत्या त्या निदानावर यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) मिळेल असं धरून चालू नकोस. कलम 16 मुलांच्या समावेशक शिक्षणाचं आहे. लेकालाही असं निदान असेल, तर त्याच्यासाठी बोलताना तेच कामी येतं. पण त्याचं निदान चारचौघांत काढण्याआधी त्याला विचार. आठवीतल्या पोराला ते आवडेलच असं नाही.

स्नेहसंमेलनाला स्पीकरपासून लांब, दाराजवळची खुर्ची आधीच मागून ठेव. इअरप्लग बघून एखादी आई चौकशी करेलच. तिचा नंबर घे, शाळेकडे शांत खोली मागणारा अर्ज लिहा आणि त्यावर दोघींच्या सह्या करा.