चारही ऑफव्हाइटच, मग घ्यायचा कुठला?

प्रश्न: आमचा ठाण्यात टू बीएचके आहे, दिवाळीआधी हॉलला रंग काढायचाय. शेड कार्डातून चार शेड्स काढल्यात, चारही ऑफव्हाइटच पण एक जरा पिवळट, एक गुलाबीसर, एक करड्याकडे जाणारी आणि एकीत किंचित हिरवट झाक आहे. हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर विटकरी रंगाची बिल्डिंग, खाली आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स. मिस्टर म्हणतात चारही सारखेच आहेत, रंगारी म्हणतो मॅडम कुठलाही घ्या भिंतीवर पांढराच दिसणार. मला मात्र कार्ड बघून बघून आता काहीच कळेनासं झालंय.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: रंगारीदादा अर्धं खरं बोलतायत. कार्डवरचे ते दोन इंचाचे चौकोन एकमेकांना लागून असले की डोळा नुसता फरकच शोधत बसतो, मग एक एकदम गुलाबी वाटते आणि दुसरी एकदम हिरवी, पण घरात भिंतीवर एकच शेड असणारे आणि तिच्या बाजूला बाकीच्या तीन नसणारेत, तिच्या बाजूला असणारे तुमची फरशी, दरवाजाचं लॅमिनेट, पडदे. म्हणून शेजारीशेजारी ठेवायचं ते कुठल्या शेडमध्ये कसली झाक आहे एवढंच कळायला (झेरॉक्सचा कोरा कागद मागे धरा, झाक लगेच उघडी पडते), आणि ठरवायचं मात्र एकेक शेड एकटी बघून. तुमचं डोकं इथेच फिरलंय, चारही एकत्र बघत बसलायत.

आता तुमचा हॉल. पश्चिमेची खिडकी म्हणजे सकाळी उजेड तसा थंड आणि मंद, आणि चार-पाच वाजल्यापासून तिरपं पिवळं-केशरी ऊन आत. शिवाय ती समोरची विटकरी बिल्डिंग, ऊन तिच्यावर पडलं की लालसर उजेड थेट तुमच्या भिंतीवर येणार, याचा विचार कुणीच करत नाही आणि मग म्हणतात कार्डवर असा नव्हता हो. त्यामुळे गुलाबीसर शेड मी आत्ताच बाद करीन, ती त्या उजेडात पार केशरट गुलाबीकडे जाईल, आणि आयव्हरी टाइल जर पिवळटकडची असेल (बहुतेक असतेच) तर गुलाबी भिंतीखाली ती मळकी दिसते, रोज पुसली तरी.

पिवळट पण नको. छोट्या तुकड्यावर जी छान क्रीम वाटते ती चार भिंतींवर गेली की लिंबू होते, कारण एका भिंतीचा रंग समोरच्या भिंतीवर पडतो, तिचा परत हिच्यावर, आणि रंग चढत जातो. पिवळ्याच्या बाबतीत हे फार जाणवतं. कुणाला क्रीमच हवा असेल तर आवडलेल्या शेडपेक्षा कार्डवर एक पायरी फिकी घ्यावी.

राहिल्या दोन, करडट आणि हिरवट झाकेची. इथे खरा घोळ उजेडाचा नाही, ट्यूबचा आहे. आपल्याकडे एलईडी ट्यूब घ्यायला गेलं की दुकानदार सरसकट 6500 केल्विनची देतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), बॉक्सवर कूल डेलाइट लिहिलेलं असतं. त्या निळसर उजेडात करडट ऑफव्हाइट दवाखान्यासारखा दिसतो आणि हिरवट झाकेचा आजारी. आणि नोकरदार माणसं हॉलमध्ये बसतात कधी, तर रात्री, म्हणजे तुम्ही आयुष्यभर तो रंग ट्यूबखालीच बघणार! तर आधी 4000 केल्विनची एखादी ट्यूब आणून लावून बघा, फार पिवळी नाही फार निळी नाही. तीच कायम ठेवणार असाल तर मग त्या उजेडात रंग ठरवा. उलटं करू नका.

आणि भिंतीवर थेट पट्टे मारून बघू नका, जुन्या रंगामुळे नवा खोटा दिसतो. दोन मोठे ड्रॉइंग शीट घ्या, काही कंपन्यांचे छोटे सॅम्पलर मिळतात ते आणून दोन्ही शीटना दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, ओला रंग बघून काही ठरवायचं नाही. मग एका वेळी एकच शीट, कधी खिडकीसमोरच्या भिंतीवर, कधी कोपऱ्यात, खाली टाइलला टेकवून. सकाळी, संध्याकाळी उन्हात आणि रात्री ट्यूब लावून. बहिणीला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारायचं नाही हं, मोबाइलचा कॅमेरा पांढरा आपल्या मनाने ॲडजस्ट करतो, तिला तिसराच रंग दिसणार.

शेडची नावं तर वाचूच नका, मोती काय नि चांदणं काय, कोड लिहून घ्या. कंपनीच्या माहितीत एलआरव्ही म्हणून आकडा सापडतो, 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पूर्ण पांढरा, भिंत किती उजेड परत फेकते त्याचा तो हिशोब. ऑफव्हाइट साधारण 80 च्या आसपास किंवा वर असतात. तुमच्या दोन्ही शेड्सचा आकडा जवळजवळ सारखा आला तर खोली कमी-जास्त उजळ होईल ही काळजी सोडा, फरक फक्त झाकेचा आहे.

माझं मत विचाराल तर करडट, त्यातही जरा उबदार करडा. पण रात्री आणि संध्याकाळी दोन्ही शीट सारखेच वाटले तर मिस्टर जिंकले, चिठ्ठी टाका.

प्रश्न: आमच्या मागच्या बेडरूमला एकच छोटी खिडकी, तीही डक्टमध्ये. उजेड यावा म्हणून पांढराशुभ्र द्यावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नको. पांढरा उजेड परत फेकतो, तयार करत नाही. उजेडच नसेल तर शुभ्र पांढरा राखाडी आणि कोंदट दिसतो. किंचित बदामी झाकेचा फिका घ्या, छत पांढरं ठेवा आणि वाचलेलं डोकं दिव्यांवर लावा.

प्रश्न: रंग थोडा कमी पडला म्हणून त्याच कोडचा एक लिटर परत आणला, तर भिंतीवर तेवढा पट्टा वेगळा दिसतोय. दुकानदार म्हणतो कोड तोच आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कोड तोच असेल हो, पण दुसरा डबा वेगळ्या बॅचचा, मशिनमध्ये पुन्हा टिंट केलेला, आणि फिक्या शेडमध्ये टिंटचे थेंब इतके कमी असतात की जरासा फरकही दिसतो. फिनिश बघा आधी, पहिला मॅट म्हणजे बिनचमकीचा आणि हा शीनचा म्हणजे चमकीचा असेल तर तोच प्रॉब्लेम. पट्ट्यावर पट्टा मारत बसू नका, ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच डब्यातून परत मारून घ्या. कोपऱ्यात भिंत वळली की फरक खपून जातो. पुढच्या वेळी सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात, आणि अर्धा लिटर घट्ट झाकण लावून माळ्यावर.