चौथा ‘उत्तरार्ध’ आणि आजीची उतरंड

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय: ‘माझ्या लाडक्या कादंबरीचा पुढचा भाग अकरा वर्षांनी आला. दोन रात्रींत वाचून काढला. आता त्यावर लिहायचंय. सिक्वेल हा शब्द नको वाटतो. उत्तरार्ध म्हटलं तर चालेल का?’

नाही चालणार. गेल्याच महिन्यात अमळनेरला एका गृहस्थांच्या तोंडून ‘चौथा उत्तरार्ध’ ऐकला, तेव्हापासून डोकं फिरलंय. ज्या गावात 1952 साली व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तिथे चौथा अर्धा! अहो, अर्ध म्हणजे निम्मं. एकाच पुस्तकाचे दोन भाग पडले तर पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. अकरा वर्षं तुम्ही जे पुस्तक उशाशी ठेवलंत, ते काय अर्धंमुर्धं होतं? आपल्या सांगवीच्या नेमाड्यांनी चांगदेव पाटलाची गोष्ट ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत चार कादंबऱ्यांत सांगितली, 1975 ते 1979. त्यातली तिसरी कशाचा अर्ध?

अर्ध टाका, ‘उत्तर’ मात्र जपून ठेवा. उद् म्हणजे वर, आणि ‘लघुतर’मधला तोच ‘तर’. उत्तर म्हणजे अधिक वरचा; उत्तम हा त्याचा सख्खा भाऊ. वरचा तो पुढे नंतरचाही झाला. दिशेचं सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देतो. भवभूतीनं राज्याभिषेकापर्यंतचा राम ‘महावीरचरिता’त रंगवला आणि सीतात्यागापासूनचा ‘उत्तररामचरिता’त. दोन्ही नाटकं अख्खी. (‘उत्तरकार्य’ तेवढं लिहू नका, ते तेराव्याचं. काही पुढचे भाग वाचून तोच शब्द आठवतो, ही गोष्ट वेगळी.)

आता खरी गंमत. उतरंड! आमच्या आजीच्या सैपाकघरात कोपऱ्यात होती. तळाला डेरा, त्यात दादर ज्वारी. त्यावर मडकं, त्यावर गाडगं, अगदी वर मुठीएवढं लोटकं, त्यात भेंडीचं बियाणं. माझा तर्क असा की या उतरंडीत हाच ‘उत्तर’ बसलाय, आणि शेवटच्या ‘अंड’मध्ये भांडं नाहीतर हंडी. वरचं भांडं, त्याच्याही वरचं भांडं. एक निवृत्त प्राध्यापक मला दर भेटीत ऐकवतात की आकार उतरत जातो म्हणून उतरंड, म्हणजे उतरणे या क्रियापदावरून. सर, उतरंड कधी रचलीत का? ती खालून वर चढते. वरून खाली येते ती मांजरानं धक्का दिल्यावर, आणि तेव्हा तिला खापऱ्या म्हणतात. शिवाय ‘उतरणे’ हा तॄ धातूचा, तरून जाण्याच्या घरचा. ‘उद्’ तेवढा दोन्हींत आहे, पण त्यातल्या ‘तर’चा या ‘उत्तरा’तल्या ‘तर’शी संबंध नाही. कोशकारांना माझं पटलं नाही तरी मी हे सोडणार नाही.

आणि लाडक्या कादंबरीवर चढलेलं पुढचं पुस्तक बघा: खालच्याच्या तोंडावर नीट बसावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते एक माप लहानच निघतं. तुमचं निघालं का, ते काही लिहिलं नाहीत.

हां, शब्द राहिलाच. जरा भारदस्त हवा असेल तर ‘उत्तरकथा’ घ्या. नाहीतर ‘पुढचा भाग’ काय वाईट आहे? प्रश्नात तुम्हीच लिहिलाय की.