थ्रीडी शॉर्ट फिल्म ‘किती टक्के झाली’ हे कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेवटच्या वर्षाची फिल्म, लांबी चार मिनिटं, काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. एक म्हातारा घड्याळ दुरुस्त करणारा आणि त्याच्या टेबलावरचं दातेरी चाक पळवणारी खार. दोन्ही पात्रांची मॉडेल्स आणि टेक्श्चर तयार, भिंतीवरची सगळी घड्याळं तयार, रिग (पात्र हलवायचा आतला सांगाडा आणि त्याचे कंट्रोल) ‘जवळजवळ’ तयार. अ‍ॅनिमेशन मात्र एकाही शॉटचं नाही. हातात पाच महिने आहेत. गाइड दर आठवड्याला टक्केवारी विचारतात आणि तुम्ही साठ सांगता. ते बरोबर आहे का आणि पुढे काय करावं?

साठ नाही. मी व्यवसायाने अ‍ॅनिमेटर आहे, अधूनमधून विद्यार्थ्यांच्या फिल्म्स पाहायला बसतो, आणि हा साठचा आकडा जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकतो. कारण सरळ आहे. मॉडेलिंग डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं. घड्याळाचे स्क्रू घडवत बसणं सुखाचंही असतं, तिथे चुकायला फारसं काही नसतं. पण फिल्म ही काळात घडणारी गोष्ट आहे, आणि तुमच्याकडे आत्ता वस्तू आहेत, काळ नाही. मी विद्यार्थ्याला एवढंच विचारतो: पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता, आज काय दाखवू शकतोस? दाखवता येईल तेवढीच प्रगती.

म्हणून ब्लेंडरमधून बाहेर या आणि अ‍ॅनिमॅटिक करा, म्हणजे स्टोरीबोर्डच्या चित्रांचीच कच्ची फिल्म. प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, त्यावरून ते झालेलं नाही असं धरतो. स्टोरीबोर्डची चित्रं एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाका. चित्रं कशीही असोत, काड्यांची माणसं चालतील. प्रत्येक शॉट जितका वेळ दिसायला हवा तितकाच लांब ठेवा. खाली कच्चा आवाज लावा: टिकटिक, खिडकीचा खडखडाट, चाक घरंगळल्याचा आवाज. तोंडाने काढून फोनवर रेकॉर्ड केलेला असला तरी चालेल. ही टाइमलाइन म्हणजे तुमची फिल्म. इथून पुढे काम एकच, तिच्यातला एकेक तुकडा बदलत जायचं. चित्राच्या जागी ब्लॉकिंग (पात्राच्या फक्त मुख्य पोझ), ब्लॉकिंगच्या जागी पूर्ण अ‍ॅनिमेशन, त्याच्या जागी रेंडर (संगणकाने प्रकाश-सावलीसह काढलेल्या अंतिम फ्रेम). फिल्म पहिल्या दिवसापासून ‘पूर्ण’ असते, फक्त कच्ची असते.

अ‍ॅनिमॅटिक एखाद्या अशा माणसाला दाखवा ज्याला कथा माहीत नाही, आणि स्वतः तोंड उघडू नका. खारीने चाक का पळवलं हे त्याला कळलं नाही, तर ते रेंडर झाल्यावरही कळणार नाही.

आता लांबी. चार मिनिटं म्हणजे 240 सेकंद. एकट्या, नवख्या अ‍ॅनिमेटरने दोन पात्रांचं नीट काम आठवड्याला दहा सेकंद केलं तर मी त्याला शाबासकी देईन. मोठ्या स्टुडिओंतही एका अ‍ॅनिमेटरचं आठवड्याचं काम मोजक्या सेकंदांचंच असतं. त्या वेगाने तुम्हाला 24 आठवडे लागतील. पाच महिन्यांत जेमतेम 21–22 आठवडे बसतात, आणि त्यात लायटिंग, रेंडर, आवाज काहीच धरलेलं नाही. फिल्म अडीच मिनिटांवर आणली तर अ‍ॅनिमेशन 15 आठवड्यांत होतं आणि बाकीच्या कामांना सहा आठवडे उरतात. कापायला जीव होत नाही हे मान्य. पण पिक्सारची 1986 सालची ‘लक्सो ज्युनियर’ आठवा. दोन दिवे, चेंडू, जागचा न हलणारा कॅमेरा, आणि सगळा खेळ दोन मिनिटांच्या आसपास संपतो. त्या दिव्यांना तोंड नाही, डोळे नाहीत, लिपसिंकचा, म्हणजे संवादाला ओठ जुळवण्याचा, प्रश्नच नाही. जे करता येत नव्हतं ते टाळून, जे येत होतं त्यावर सगळा जोर दिलेला आहे. तुमच्याही कथेत संवाद नाहीत, ही मोठी सोय आहे.

कापताना आधी म्हातारा दुकान उघडतो, चष्मा लावतो, चहा पितो असले शॉट्स बघा. अशा फिल्म्स बहुतेक वेळा खार खिडकीत आल्यावरच सुरू होतात. दुसरं म्हणजे हाताळणीचे शॉट्स. खार चाक उचलते, म्हातारा ते हिसकावतो, चाक या हातातून त्या हातात जातं. पात्राने वस्तू धरणं आणि सोडणं हे थ्रीडीत डोकेदुखीचं काम: वस्तू हाताला बांधून ठेवणारे कन्स्ट्रेंट चालू-बंद करा, एका फ्रेममध्ये वस्तू उडी मारते ती सावरा, बोटं आरपार जातात ती सोडवा. यातलं निम्मं काम एडिटिंगच करू शकतं. पंजा चाकाकडे जातो, कट, म्हाताऱ्याचा चेहरा, कट, चाक खारीच्या तोंडात. प्रत्यक्ष उचलणं कुणी पाहिलंच नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

रिगबद्दल ‘जवळजवळ’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. रिग कागदावर पूर्ण होत नसतो, शॉटमध्ये पूर्ण होतो. आज जसा आहे तसा घेऊन सगळ्यात अवघड शॉट ब्लॉक करायला लागा. खांदा तुटतोय, गुडघा उलटा वळतोय, हे तिथेच कळेल आणि तेवढंच दुरुस्त करा. फक्त एक अट आहे. पात्र प्रत्येक शॉटच्या फाइलमध्ये अपेंड करू नका, म्हणजे त्याची वेगळी प्रत आणू नका; वेगळ्या फाइलमध्ये ठेवून लिंक करा आणि लायब्ररी ओव्हरराइड वापरा, म्हणजे लिंक केलेलं पात्रही शॉटमध्ये हलवता येतं. मग मूळ फाइलमध्ये वेट पेंटिंग (कोणतं हाड त्वचेचा कोणता भाग किती ओढतं ते) सुधारलं की ते सगळ्या शॉट्समध्ये आपोआप पोचतं. अपेंड केलंत तर प्रत्येक शॉटमध्ये वेगळा म्हातारा बसलेला असेल आणि प्रत्येकाचा खांदा वेगळा दुखेल. कंट्रोलची नावं मात्र एकदा ठरली की बदलू नका, नाहीतर आधी केलेल्या कीज (फ्रेमवर नोंदवलेल्या पोझ) अधांतरी राहतात.

ब्लॉकिंगमध्ये इंटरपोलेशन, म्हणजे दोन कीजमधली हालचाल भरायची पद्धत, कॉन्स्टंट ठेवा. पोझ टकाटक बदलू देत, तिथे फक्त अभिनय आणि टायमिंग तपासायचं. नंतर बेझियर (गुळगुळीत वक्र) केल्यावर सगळं पाण्याखाली चालल्यासारखं तरंगायला लागेल, आणि इथेच बरेच विद्यार्थी हाय खातात. याचं कारण ठरलेलं असतं: दोन पोझमध्ये फार अंतर सोडलेलं असतं आणि मधलं सगळं संगणकाने भरलेलं असतं, सारख्याच वेगाने सुरू होणारं आणि सारख्याच वेगाने थांबणारं. म्हणून बेझियर करण्याआधी दर तीन-चार फ्रेमवर स्वतःची पोझ हवी. शिवाय डोकं, हात, कंबर सगळं एकाच फ्रेमवर थांबत असेल तर ते मोडा. कंबर आधी हलते, हात मागून येतो, शेपटी सगळ्यात शेवटी. खारीच्या बाबतीत उलट भीती आहे, ती फार मऊ हलेल. खरी खार झटक्याने हलते आणि मध्येच गोठल्यासारखी स्थिर राहते. तिच्या बऱ्याच हालचाली दोन-तीन फ्रेममध्ये संपवून टाका आणि पुढे नुसता श्वास आणि शेपटीचं टोक ठेवा. ते दिसायलाही जास्त खरं वाटेल आणि कामही कमी होईल.

रेंडरचा हिशेब आत्ताच करा, शेवटच्या महिन्यात नको. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर चार मिनिटांच्या 5760 होतात. फ्रेमला सहा मिनिटं लागली तर 576 तास, म्हणजे एक मशीन रात्रंदिवस 24 दिवस. अडीच मिनिटांच्या 3600 फ्रेम प्रत्येकी दोन मिनिटांत बसवल्या तर 120 तास, पाच दिवस. फ्रेममागच्या वेळेतला हा फरक सायकल्सचे (ब्लेंडरचं अचूक पण हळू रेंडर इंजिन) सॅम्पल्स, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी घेतलेले नमुने, कमी करून, चित्रातले ठिपके पुसणारा डीनॉइझर लावून किंवा सरळ ईव्ही (Eevee, ब्लेंडरचंच वेगवान इंजिन) वापरून पडतो. ईव्ही म्हणजे दुय्यम, असं वाटत असेल तर 2025 मध्ये ऑस्कर मिळवलेला ‘फ्लो’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट ब्लेंडरमध्ये ईव्हीवरच रेंडर झालेला आहे. तिथल्या मांजराला केस न् केस नाही, रंगाचे फटकारे आहेत, हेही पाहून घ्या. खारीच्या शेपटीवर हेअर पार्टिकल्स, म्हणजे सुटे सुटे केस, लावायचा विचार असेल तर तो आज सोडा. चाचणी घेताना एकच स्थिर फ्रेम रेंडर करून खूश होऊ नका. सलग वीसेक फ्रेम करा, कारण सॅम्पल्स फार कमी असले की डीनॉइझरचे डाग फ्रेमगणिक जागा बदलतात आणि भिंत उकळल्यासारखी दिसते.

आउटपुट व्हिडिओ फाइलमध्ये कधीच नको, इमेज सिक्वेन्समध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल. वीज गेली तर झालेल्या फ्रेम शाबूत राहतात. ओव्हरराइट (असलेली फ्रेम पुन्हा लिहिणं) बंद आणि प्लेसहोल्डर्स (सुरू झालेल्या फ्रेमची जागा राखणाऱ्या रिकाम्या फाइल्स) चालू ठेवले तर एकच सामायिक फोल्डर वापरून लॅबमधली दोन-तीन मशीन्स एकाच शॉटवर जुंपता येतात, कुणाची कोणती फ्रेम हे ती आपसात ठरवतात.

गाइडना आता टक्के सांगू नका. दर आठवड्याला तीच टाइमलाइन दाखवा, प्रत्येक शॉटच्या कोपऱ्यात त्याचा क्रमांक आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहून. कच्चं दाखवायची लाज वाटत असेल तर सांगतो, लुकासफिल्मच्या संगणक विभागाने 1984 साली ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.’ सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत दाखवली तेव्हा तिचा थोडा भाग पूर्ण रेंडर झालेला नव्हता. प्रेक्षक संगणकशास्त्रातलेच होते, तरी फिल्म दाखवलीच. तुमचे गाइड तर एकटेच आहेत.

या आठवड्यात अ‍ॅनिमॅटिक, पुढच्या आठवड्यात कापाकापी आणि त्याच आठवड्यात म्हातारा व खार एकाच चौकटीत असलेल्या सगळ्यात अवघड शॉटचं ब्लॉकिंग. तो शॉट जमत नाही असं दिसलं तर कथा बदलायला अजून वेळ आहे. चौथ्या महिन्यात नसेल.