'थांबा, अजून आहे!' : टीव्हीवरून होणाऱ्या खरेदीबद्दल वाचकांचे प्रश्न

टीव्हीवर वस्तू विकणारे निवेदक आणि त्यांच्या जाहिराती यांविषयी आलेल्या पत्रांतली सहा पत्रे या अंकात घेतली आहेत. सर्वांत जास्त पत्रे प्रात्यक्षिकांबद्दल होती, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : टीव्हीवर बघून भाजी कापायचं यंत्र मागवलं. पडद्यावर कांदा एका दाबात बारीक होत होता. घरी कांदा जाळीत अडकतो, टोमॅटोचा लगदा होतो. हे डाग काढणारी पावडर, चाकू, पाण्याची यंत्रं यांच्या बाबतीतही होतं. पडद्यावर दाखवतात ती कॅमेऱ्याची करामत असते का? (एक वाचिका, मिरज)

उत्तर : बहुतेक वेळा नसते. प्रात्यक्षिक खरंच घडलेलं असतं, पण कोणत्या वस्तूवर ते करायचं हे विक्रेत्याने आधीच निवडलेलं असतं. प्रेक्षकाची नजर हातावर खिळलेली असते आणि खरी खुबी असते ती ताटातल्या भाजीत.

कापणीच्या यंत्रासाठी टणक, ताजी, मापात बसणारी भाजी घेतात : गाजर, बटाटा, लहान कांदा. देठ आणि बूड आधीच काढलेलं, पातं कोरं. घरी करताना कांदा उभा अर्धा करा, कापलेली सपाट बाजू पात्यांवर टेकवा आणि तळहाताच्या टाचेने एकदम, झटक्यात दाबा. हळूहळू दाब दिला की कांद्याचे पदर सरकतात आणि जाळीत अडकतात. पिकलेला टोमॅटो या यंत्रात घालूच नका. त्याची साल चिवट आणि आतला गर मऊ, त्यामुळे पातं साल कापण्याआधीच गर चेपतं.

चाकूच्या जाहिरातीत आधी लाकूड किंवा पत्रा कापतात आणि लगेच त्याच चाकूने टोमॅटोची पातळ चकती काढतात. तो चाकू दातेरी असतो. कठीण वस्तूवर फक्त दातांची टोकं घासली जातात, दोन दातांमधल्या खाचा शाबूत राहतात आणि टोमॅटो त्या खाचा कापतात. यात खोटं काही नाही. पण असा चाकू बोथट झाला की दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर दात झिजून सपाट होतात, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

डाग काढणाऱ्या पावडरचं प्रात्यक्षिक तुम्ही घरीच करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचे चार-पाच थेंब टाका. पाणी चहासारखं तपकिरी होईल. आता त्यात क जीवनसत्त्वाची एक गोळी कुटून टाका आणि ढवळा. रंग बघता बघता नाहीसा होतो. (हे पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नका, लगेच मोरीत ओता.) क जीवनसत्त्व कपडे धुवायची पावडर नव्हे, तरी 'डाग' गेला, कारण आयोडीनचं रूपांतर रंगहीन आयोडाइडमध्ये झालं. आयोडीनचा रंग घालवणं रसायनशास्त्रात फार सोपं आहे, म्हणून ते जाहिरातीत इतकं दिसतं. आपल्या घरातला खरा डाग हळदीचा. त्यावर साबण लावला की तो क्षारामुळे लाल होतो आणि उन्हात वाळत घातल्यावर हळूहळू फिका पडतो. पावडरचा कस पाहायचा तर हळदीच्या आणि तेलाच्या जुन्या डागावर पाहा.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या विक्रीत दोन पेल्यांत धातूच्या कांड्या सोडून वीज देतात. नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ तयार होतो, यंत्रातलं पाणी स्वच्छ राहतं. तो गाळ पाण्यातला नसतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, लोखंडी कांडी विरघळते आणि दिसतो तो तिचाच गंज. यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज जेमतेम वाहते. समोरच्या माणसाला सांगा, त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा कर. तोही पेला तपकिरी होईल. टीडीएस मीटरचंही तसंच : तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मीटरवर ३०० आकडा आला म्हणून घाबरून यंत्र घ्यायचं कारण नाही.

प्रश्न : 'किंमत ४,९९९, पण आज फक्त १,४९९' असं सांगतात आणि वर दुसरा नग फुकट. एवढी सूट त्यांना परवडते कशी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : एमआरपी म्हणजे वस्तूची लायकी नव्हे. ती विक्रीची कमाल मर्यादा असते आणि ती उत्पादक, वेष्टन करणारा किंवा आयातदार स्वतःच छापतो. ज्या वस्तूची बाजारात दुसरीकडे विक्रीच नाही, तिच्यावर ४,९९९ छापून १,४९९ ला विकली तर सूट कशावरून मोजायची? पहिला मोठा आकडा कानावर पडला की नंतरचा प्रत्येक आकडा लहान वाटतो, एवढंच त्याचं काम.

ही पद्धत टीव्हीच्या आधीची आहे. अमेरिकेत समुद्रकिनाऱ्यावरच्या फिरस्त्यांनी, जत्रांतल्या आणि दुकानांतल्या विक्रेत्यांनी ती घडवली. रॉन पोपील शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात उभं राहून स्वयंपाकघरातली अवजारं विकत असे. बिली मेज अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर. पुढे दोघेही टीव्हीवर घरोघर पोचले. १९७८ पासून तिथे गाजलेल्या गिन्सू चाकूच्या जाहिरातीने क्रम जवळपास कायमचा ठरवून दिला : किती द्याल? थांबा, उत्तर देऊ नका, अजून आहे! चाकूला जपानी वाटेल असं नाव दिलं होतं, पण तो बनायचा ओहायो राज्यात. १९८४ साली अमेरिकेच्या प्रसारण नियामकाने जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठवली आणि अर्ध्या तासाच्या विक्रीच्या कार्यक्रमांना वाट मिळाली. आपल्याकडे खासगी वाहिन्यांबरोबर हे कार्यक्रम हिंदी आवाज देऊन आले. ओठ एक बोलायचे, आवाज दुसरंच. आपल्याला त्याची लय ओळखीची वाटली, कारण आठवडी बाजारात आणि एसटी स्टँडवर आपण ती ऐकतच होतो.

असा कार्यक्रम लक्ष देऊन पाहिलात तर कळेल की अर्ध्या तासात तोच मजकूर सहसा तीनदा फिरतो : अडचण, वस्तू, प्रात्यक्षिक, ग्राहकांचे अनुभव, भाव, भेटवस्तू, फोन नंबर. दुसरी फेरी सुरू झाली की आवाज बंद करून बघा. वस्तू नेमकी किती करते, ते तेव्हा नीट दिसतं.

'दुसरा नग मोफत, फक्त पोहोच खर्च वेगळा' हे वाक्य आलं की कागद घ्या. १,४९९ अधिक दोन नगांचा पोहोच खर्च १९९ प्रमाणे ३९८, म्हणजे १,८९७. आता एकच प्रश्न : दुसरा नग नसता, तर पहिल्यासाठी हे १,८९७ दिले असते का? पडद्यावर उलटं मोजणारं घड्याळ असतं ते ही बेरीज होऊ नये म्हणून. उद्या त्याच वेळी तीच वाहिनी लावा, बहुधा तेच घड्याळ पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू झालेलं दिसेल.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. दुपारी एकटी असते, तेव्हा टीव्हीवरून काही ना काही मागवते. बोललं की म्हणते, 'तो मुलगा खोटं बोलणाऱ्यातला नाही.' काय करावं? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : तुमच्या आई भोळ्या आहेत असं कृपा करून समजू नका. रोज ठरलेल्या वेळी थेट डोळ्यांत पाहून 'ताई', 'मावशी' म्हणणारा माणूस ओळखीचा वाटू लागतो. प्रेक्षकाच्या बाजूने जुळणाऱ्या या एकतर्फी नात्याबद्दल हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलं आहे. त्यात भर पडते ती पुनरुक्तीची. तेच विधान वारंवार ऐकलं की ते जास्त खरं वाटतं, हे १९७७ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. तो प्रयोग महाविद्यालयातल्या तरुण मुलांवर केलेला होता, म्हणजे हा वयाचा दोष नाही.

म्हणून त्या निवेदकाला नावं ठेवू नका. तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात की आई त्याची बाजू घेणारच. फोनशेजारी एक वही ठेवा. वस्तू आवडली की नाव, पूर्ण किंमत आणि 'घरात याच कामाला काय आहे' एवढं लिहायचं, मागवायचं उद्या. वहीतल्या बऱ्याच नोंदी दुसऱ्या दिवशी आपोआप मागे पडतात. आईंना हवीच असलेली वस्तू मात्र खुशाल घेऊ द्या, पैसे त्यांचे आहेत. रोख देऊन पार्सल घ्यायची सवय असेल तर घरात रक्कम मर्यादित ठेवा. सेट-टॉप बॉक्समध्ये वाहिनी कुलूपबंद करता येते, पण ते आईंना विचारून करा. लपून केलेलं उघड झालं की पुढची खरेदी तुम्हाला कळणारच नाही.

आणि दुपारी तीन वाजता रोज पाच मिनिटं फोन करा. वेळ रिकामा असतो म्हणूनच तो निवेदक घरात येतो.

प्रश्न : मधुमेह मुळापासून घालवणारी पावडर आणि भरभराट करणारं पूजेचं यंत्र, दोन्ही टीव्हीवर विकली जातात. हे कायद्यात बसतं का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीतल्या रोगांवर औषध आहे अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. त्या यादीत मधुमेह आहे, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब आहे, लठ्ठपणा आहे, उंची वाढवणंही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वाहिनी, तारीख, वेळ आणि पडद्याचं छायाचित्र घेऊन तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या. पावडर घेऊन इन्सुलिन किंवा गोळ्या थांबवलेलं कुणी घरात असेल, तर तक्रार नंतर, आधी डॉक्टर गाठा आणि रक्तातली साखर तपासा. हा धोका पैशाच्या नुकसानीपेक्षा फार मोठा आहे.

यंत्राबद्दल तर आपल्याच राज्यात निकाल आहे. एका शिक्षकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की, दैवी किंवा चमत्कारी गुण सांगून अशा यंत्रांची टीव्हीवर जाहिरात करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे. या कायद्याखाली दक्षता अधिकारी असतो, तो पोलिस ठाण्यातलाच. तक्रार तिथेच द्यायची. देवावरची श्रद्धा हा इथे मुद्दाच नाही. पैसे घेऊन फळाची हमी देणं, हा मुद्दा आहे.

प्रश्न : मागवलेला मिक्सर चौथ्या दिवशी बंद पडला. विक्रेता म्हणतो, 'ऑफरमधला माल परत घेत नाही.' आता? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्याचं म्हणणं चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

आधी पुरावा जमवा. खोक्यावरचं पाठवणाऱ्याचं लेबल फाडू नका. वाहिनीवरचं नाव आणि लेबलावरचं नाव पुष्कळदा वेगळं असतं आणि तक्रार लेबलावरच्या नावाने चालते. बिल, पैसे दिल्याची पावती, ऑर्डर क्रमांक, वेष्टनावरची माहिती यांचे फोटो काढा. पुढच्या वेळी पार्सल फोडतानाच न थांबवता व्हिडिओ घ्या. मग विक्रेत्याला लेखी कळवा : दोष काय, कधी लक्षात आला, पैसे परत हवेत की बदली, आणि १५ दिवसांची मुदत. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध होत नाही.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, विक्रेता दिल्लीत असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

इथे पुष्कळांची गल्लत होते. जाहिरातच फसवी असेल तर ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे न्यायची. ते १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि वस्तूची भलामण करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही पडताळणी न करता बोलल्यास एक वर्षापर्यंत बंदी घालू शकतं. पण तुमचे १,४९९ रुपये ते मिळवून देत नाही, त्यासाठी आयोगच. जाहिरातीतली बारीक अक्षरंही बघा : २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. दावा मराठीत आणि अटी इंग्रजीत असतील तर तक्रारीत ते आवर्जून लिहा.

प्रश्न : पार्सलमध्ये स्क्रॅच कार्ड आलं. खरवडल्यावर मोटार लागली. नोंदणीचे ६,५०० भरायला सांगतात. (एक वाचिका, बीड)

उत्तर : भरू नका. विक्रेत्यांकडची नाव-पत्त्यांची यादी भलत्या हातात जाते आणि अशी कार्डं टपालाने येतात. तुम्ही खरोखर काय मागवलं होतं हे त्यांना माहीत असतं, म्हणून विश्वास बसतो. ६,५०० भरले की वाहतूक, मग विमा, मग कर असे हप्ते सुरू होतात. कार्डावरच्या नंबरवर पुन्हा फोन करू नका, आधारचा फोटो पाठवू नका. पैसे गेले असतील तर आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा आणि व्यवहार क्रमांक सांगा. पुढच्या खात्यातून रक्कम काढली जाण्याआधी ती गोठवता येते, म्हणून इथे तासातासाला महत्त्व आहे. बँकेला वेगळं कळवा, आणि कार्ड व पाकीट पोलिसांसाठी जपून ठेवा.