वाचकांचे प्रश्न : कंटेनर इमेजचे आवृत्तिक्रमांक

प्रश्न : आमचा लहान गट हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. कंपोझ फाइलमध्ये (कोणते कंटेनर कोणत्या इमेजवरून चालवायचे याच्या यादीत) डेटाबेससाठी आम्ही ‘पोस्टग्रेस:लेटेस्ट’ असे लिहिले होते. सर्व्हरवर सगळ्या इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायली यांचे गठ्ठे) नव्याने पुल केल्यानंतर, म्हणजे उतरवून घेतल्यानंतर, डेटाबेस सुरूच होईना. डेटा फायली या आवृत्तीशी जुळत नाहीत, असा संदेश येत राहिला. आमच्या स्वतःच्या इमेजलाही आम्ही लेटेस्ट हाच टॅग (इमेजच्या नावानंतर लिहायची आवृत्तीची खूण) लावतो. क्रमांकांची कोणती पद्धत पाळावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्वप्रथम, तुमचा डेटा बहुधा शाबूत आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका मुख्य आवृत्तीची डेटा डिरेक्टरी दुसऱ्या मुख्य आवृत्तीला चालत नाही, म्हणून सर्व्हरने त्या फायलींना हात न लावता सुरू होण्यास नकार दिला. त्या डिरेक्टरीत ‘पीजी_व्हर्जन’ नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात लिहिलेल्या मुख्य क्रमांकाची इमेज वापरल्यास डेटाबेस पुन्हा सुरू व्हावा. पुढच्या आवृत्तीवर जायचे असेल, तर आधी बॅकअप घेऊन मग डम्प-रिस्टोअर (सगळा डेटा फाइलमध्ये काढून नव्या आवृत्तीत भरणे) किंवा अपग्रेडचे साधन वापरावे.

लेटेस्ट या टॅगला रजिस्ट्रीच्या, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरच्या, लेखी कोणताही खास अर्थ नाही. टॅग न लिहिल्यास डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) तो गृहीत धरतो, एवढेच त्याचे वेगळेपण. शेवटी पुश केलेली (रजिस्ट्रीत चढवलेली) इमेज आपोआप लेटेस्ट होते, हा समज चुकीचा आहे, तुम्ही ‘१.९’ या टॅगने इमेज पुश केली आणि लेटेस्ट स्वतंत्रपणे हलवला नाही, तर तो जुन्या इमेजवरच राहतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेज सांभाळणारे मात्र तो नेमाने हलवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये १७ ही मुख्य आवृत्ती आली, तेव्हा लेटेस्ट १६ वरून १७ वर गेला. तुमच्याकडेही अशाच एखाद्या बदलाच्या वेळी हे घडले असावे.

मग ‘पोस्टग्रेस:१५’ लिहिले की काम भागते का? बऱ्याच अंशी भागते, पण पूर्ण नाही, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसचा पहिला आकडा मुख्य आवृत्ती दाखवतो आणि दुसरा आकडा दोषदुरुस्त्या. पण इमेजमध्ये केवळ पोस्टग्रेस नसतो. त्याच्याखाली डेबियनही (लिनक्सचा एक प्रकार) असतो आणि साध्या ‘१५’ या टॅगमध्ये त्याचा उल्लेख नाही. जून २०२३ मध्ये डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, प्रसिद्ध झाल्यावर अधिकृत इमेजचा पाया आधीच्या बुल्सआय या आवृत्तीवरून बुकवर्मवर गेला. त्यासोबत जीलिबसी ही मूलभूत लायब्ररी २.३१ वरून २.३६ वर गेली आणि शब्दांचा वर्णक्रम लावण्याचे नियम तिच्याकडून येत असल्यामुळे अनेकांच्या डेटाबेसमध्ये कोलेशनची (वर्णक्रमाच्या नियमांची) आवृत्ती जुळत नसल्याचे इशारे दिसू लागले. अशा वेळी मजकुराच्या रकान्यांवरील इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात, नाहीतर शोधाचे निकाल चुकू शकतात. टॅग तोच, मुख्य आवृत्ती तीच, तरी वागणूक बदलली. म्हणून डेटाबेससाठी किमान ‘१५-बुकवर्म’ इतका तपशील टॅगमध्ये असावा, असे माझे ठाम मत आहे.

टॅग हे हलवता येणारे नाव आहे. इमेजची खरी ओळख तिच्या डायजेस्टमध्ये असते. हा ६४ षोडशमान अंकांचा शा-२५६ हॅश इमेजच्या आशयावरूनच काढला जातो, त्यामुळे एक बाइट बदलला तरी तो बदलतो. प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापरातील) फाइलमध्ये टॅग आणि डायजेस्ट दोन्ही लिहावेत: डॉकर डायजेस्ट पाळतो आणि टॅग वाचणाऱ्या माणसासाठी राहतो. मात्र असे गोठवलेले संदर्भ सुरक्षा-दुरुस्त्यांपासूनही दूर राहतात, म्हणून रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट यांसारखे साधन लावून ते नियमितपणे पुढे न्यावेत.

तुमच्या स्वतःच्या इमेजच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नये: प्रत्येक बिल्डला, म्हणजे नव्याने बांधलेल्या प्रत्येक इमेजला, असा एक टॅग द्यावा, जो पुन्हा कधीच वापरला जाणार नाही. कुबरनेटिसमध्ये (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणारी प्रणाली) टॅग लेटेस्ट नसेल, तर नोडवर, म्हणजे त्यातल्या एका यंत्रावर, आधीपासून असलेली इमेज पुन्हा आणली जात नाही, ही मूळ मांडणी आहे. त्यामुळे दुरुस्ती करून ‘२.३.१’ हाच टॅग पुन्हा पुश केला, तर जुन्या नोडवर जुना प्रोग्राम आणि नव्या नोडवर नवा प्रोग्राम एकाच क्रमांकाखाली चालतो. असा दोष शोधण्यात माणसे अक्षरशः थकून जातात. हार्बर आणि ॲमेझॉनच्या रजिस्ट्रीत टॅग अपरिवर्तनीय करण्याची सोय आहे. ती अवश्य चालू करावी.

प्रश्न : आमच्या कोडमध्ये काहीच बदल नाही, फक्त बेस इमेजमधील (जिच्यावर आमची इमेज बांधली जाते ती) सुरक्षा-दुरुस्तीसाठी पुन्हा बिल्ड केले. क्रमांक काय द्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सेमव्हर या आवृत्तिक्रमांकांच्या प्रचलित पद्धतीतले (उदा. ‘२.३.१’) तीन आकडे सॉफ्टवेअरच्या वर्तनाविषयी सांगतात, पुनर्बांधणीसाठी त्यांत वेगळी जागा नाही. ‘२.३.१-आर२’ असा प्रत्यय जोडण्याची प्रथा आहे, पण सेमव्हरच्या नियमाने जोडरेषेनंतरचा भाग पूर्वप्रकाशन ठरतो, म्हणजे ही इमेज ‘२.३.१’ च्या आधीची मानली जाते. शिवाय अक्षर असलेला असा भाग आकड्यांप्रमाणे नव्हे, तर अक्षरक्रमाने तपासला जातो, त्यामुळे ‘आर१०’ हा ‘आर२’ च्या आधी येतो. बिल्डच्या माहितीसाठी सेमव्हरने अधिक (+) चिन्ह राखून ठेवले आहे, परंतु इमेजच्या टॅगमध्ये ते चालत नाही. तेथे फक्त रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा, बिंदू आणि जोडरेषा यांना परवानगी आहे आणि लांबी १२८ पर्यंत. याच अडचणीमुळे हेल्म (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन) रजिस्ट्रीत चार्ट, म्हणजे आपली पॅकेजे, ठेवताना अधिक चिन्हाच्या जागी अधोरेषा घालतो.

लहान गटाने तिसरा आकडा सरळ एकाने वाढवावा, असे मी सुचवेन. ग्राहकाच्या दृष्टीने सुरक्षा-दुरुस्ती ही दुरुस्तीच आहे आणि कोणतेही साधन तिचा क्रम चुकीचा लावणार नाही.

प्रश्न : तारखेवर आधारित टॅग योग्य का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ ची आहे, हे क्रमांकावरूनच कळते. दर महिन्याला बांधल्या जाणाऱ्या अंतर्गत बेस इमेजसाठी ही पद्धत उत्तम, कारण तेथे इमेज किती जुनी आहे हाच मुख्य प्रश्न असतो. जिच्या एपीआयवर (इतर प्रोग्रामनी तिच्याशी संवाद साधण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर) इतर लोक अवलंबून आहेत, अशा सेवेसाठी मात्र तारीख पुरेशी नाही, कारण जुने क्लायंट नव्या आवृत्तीवर चालतील की नाही हे ती सांगत नाही. दोन्ही प्रकारांत गिटचा (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) कमिट क्रमांक ओसीआय या कंटेनर-मानकाच्या ‘रिव्हिजन’ या लेबलमध्ये नोंदवावा, म्हणजे चालू असलेल्या कंटेनरवरून थेट मूळ कोडपर्यंत पोहोचता येते.