वाचकांचे प्रश्न : कुत्र्यासाठी घरचा स्वयंपाक

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा, 15 किलो वजनाचा गावठी कुत्रा सकाळी दूध-पोळी आणि रात्री आमच्याच ताटातला वरणभात खातो. काही महिन्यांपासून त्याचे केस निस्तेज झाले आहेत आणि शौचाला पातळ होते. त्याच्यासाठी घरी वेगळे शिजवावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर शिजवावे, पण ते माणसांच्या जेवणातून उरलेले नसावे. बऱ्याच वयाने मोठ्या कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यामुळे दूध आजच थांबवून पाहा. कांदा-लसणाच्या फोडणीचे वरणही बंद करा, कारण कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि कोंबडीची शिजलेली हाडे यांपासूनही त्याला दूरच ठेवावे.

आपल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 850 किलोकॅलरी लागतात. पाव किलो शिजवलेले बिनहाडाचे चिकन, 200 ग्रॅम शिजलेला भात, एक उकडलेले अंडे, 100 ग्रॅम लाल भोपळा किंवा गाजर आणि दोन छोटे चमचे तेल, एवढे अन्न मीठ-मसाल्याशिवाय दोन वेळांत विभागून द्यावे.

खरी उणीव मात्र यापुढेच राहते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. हे असंतुलन महिनोन्महिने राहिले तर शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, आणि वाढत्या पिलांची हाडे तर त्यामुळे वाकतात, मोडतात. म्हणूनच पिलांसाठी असा घरगुती बेत स्वतःच्या अंदाजाने कधीच आखू नये. आपल्या कुत्र्याच्या रोजच्या अन्नात अंड्याच्या उकळून, वाळवून, अगदी बारीक दळलेल्या कवचाची अर्धा छोटा चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, पूड मिसळावी. तिच्यातून जवळजवळ एक ग्रॅम कॅल्शियम मिळते.

तरीही जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची भरपाई यातून पूर्ण होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी आढळले. त्यांतल्या काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा माझ्या वरील मापांनाही परिपूर्ण आहार समजू नका. कुत्र्यांसाठीचे खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण पशुवैद्याकडून वजनानुसार ठरवून घ्या. घरातल्या माणसांच्या गोळ्या त्याला देऊ नका, कारण ड जीवनसत्त्व जास्त झाले तर ते कुत्र्याला विषासमान ठरते.

नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलावे. त्याआधी शौचाची तपासणी मात्र करून घ्या. जंत असतील तर उत्तमात उत्तम जेवणानेही त्याच्या केसांना तजेला येणार नाही.